दिवेमामांची भिंत

तुमच्या घरात देवापुढचा दिवा घालवायचा असतो तेव्हा काय म्हणतात? घाईने उत्तर देऊ नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारून या. ‘विझव’ हा शब्द तिच्या तोंडून येणार नाही. ती काहीतरी दुसरंच म्हणेल, आणि ते तुम्ही जन्मभर ऐकत आला असाल, पण कधी कान देऊन ऐकलं नसेल.

हा प्रश्न माझा नाही, दिवेमामांचा आहे. सांगलीतल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत गुडघे धरून आलेल्या प्रत्येक नव्या बाईला ते तो विचारायचे. गाव नंतर, वय नंतर, दुखणं कधीपासूनचं ते त्याहून नंतर. बाई स्टुलावर टेकली की मामा तिच्यासमोर उकिडवे बसत आणि म्हणत, “आवं, तुमच्यात दिवा घालवताना काय म्हणत्यात?” बाई गोंधळून शेजारणीकडे बघे. दुखतोय गुडघा आणि हा माणूस दिव्याचं विचारतोय. पण उत्तर देई. मग मामा कोळशाचा तुकडा घेऊन भिंतीवर तिचं नाव लिहीत आणि नावापुढे तिचा शब्द. गंगूबाई, मालवा. शेवंताबाई, शांत करा. पाटलीणबाई, निरोप द्या. जतकडच्या एका बाईचा कानडी शब्द त्यांनी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेऊन आपल्या अक्षरात उतरवला होता. दाराच्या चौकटीपासून खिडकीपर्यंत ती भिंत अशी नावांनी भरत गेली होती.

मला त्या भिंतीचा राग यायचा.

मामा मूळचे कोरेगाव तालुक्यातले. सैन्यात मिलिटरी इस्पितळात रुग्णसेवेचा जवान म्हणून त्यांनी नोकरी काढली आणि पेन्शनीवर येताना एक विद्या घेऊन आले, तांबड्या दिव्याचा शेक. तेव्हा आमच्या दवाखान्याच्या ट्रस्टला कुणीतरी असा एक दिवा देणगी म्हणून दिला होता आणि तो चालवायला माणूस मिळत नव्हता. उंच दांडीवर ॲल्युमिनियमचा टोप, टोपाच्या आत तांबड्या काचेचा मोठा दिवा, खाली तीन चाकं. बटण दाबलं की उजेड थोडा आणि ऊब फार. तो झिजलेल्या गुडघ्यासमोर वीस मिनिटं लावायचा. बायका त्याला ‘लाईट घेणं’ म्हणत. वीज जाण्याचे ते दिवस होते, त्यामुळे दारावर मामांच्या हातची एक पाटी कायम तयार असायची: ‘लाईट नाही म्हणून लाईट बंद.’ पाटी लागली तरी बायका परत जात नसत. मामा स्टोव्हवर वाळू तापवून फडक्यात बांधत आणि तिने शेकत.

त्यांच्या डाव्या हाताची मागची बाजू बघण्यासारखी होती. कातडीवर तपकिरी जाळं उमटलेलं, कोळ्याचं असावं तसं. कारण दिवा लावला की तो बाईच्या गुडघ्याकडे वळवण्याआधी मामा तिथे आपला हात धरत. वेळूच्या एका काठीवर खूण केलेली होती, तिने अंतर मोजत, आणि मोजून झाल्यावरही काठीवर विश्वास न ठेवता हात धरून उभे राहत. गजराच्या घड्याळात दोन मिनिटं पुरी झाल्याशिवाय हात काढत नसत. “आदी माजा हात, मग तुमचा गुडघा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मधेमधे पुन्हा हात घालून बघत. एखादी बाई म्हणे, मामा, तुमचा हात भाजंल. तर म्हणत, “सरकारी हात हाय, त्याला काय हुतंय.”

शेक झाला की खरं काम सुरू व्हायचं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मामा हुकूम सोडत, “सावधान.” म्हणजे मांडी आवळून टॉवेल खाली दाबायचा. “इश्राम.” म्हणजे सैल सोडायची. साठ-साठ वर्षांच्या चार बायका ओळीने पाय पसरून बसलेल्या आणि हा माणूस त्यांच्यावर कवायत घेतोय. थोड्या दिवसांत बायकाच एकमेकींना हुकूम सोडायला लागल्या. भाजी मंडईत एकीला धाप लागली की दुसरी म्हणे, “इश्राम कर गं जरा.” आष्ट्याकडच्या एका जैन म्हातारीला दिव्यावर पावसाळी किडे येऊन मरतील याची धास्ती होती. ती आली की मामा आधी खिडकी लावून घेत, मगच बटण दाबत. त्या बंद खोलीत शेजारच्या वखारीतल्या हळदीचा वास कोंडून राही. मला आजही हळदीचा वास आला की गुडघे दिसतात.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. माझे वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे. घरी पाटी नव्हती, छापखान्यातले वाया गेलेले कागद होते. त्यावर एका बाजूला मोर्चाची, संपाची, सभेची पत्रकं आणि दुसऱ्या कोऱ्या बाजूला माझी बाराखडी. मी वाचायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो’ या शब्दापासून. कॉलेजात गेले तोवर मी स्वतः पत्रकं लिहायला लागले होते आणि मला वाटायचं की जगात जे काही वाकडं आहे ते एका चांगल्या परिच्छेदात सरळ करता येतं.

दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी आषाढात माझी आत्या, हौसाबाई, कवठे महांकाळच्या पुढच्या तिच्या गावाहून आमच्याकडे आली. म्हणजे तिला आणली. दुष्काळी कामावर ती दीड वर्ष खडी फोडत होती. उकिडवं बसायचं, मांडीखाली पोत्याचा तुकडा, आणि हातोडा. त्याआधी तीस वर्षांची भांगलण, बसून तण काढणं, होतंच. आता तिला उठताना दोन्ही हातांनी जमीन ढकलावी लागे आणि उठली की पहिली चार पावलं ती भिंत धरूनच टाकी.

आत्या विधवा होती, मूलबाळ नव्हतं. चार एकर कोरडवाहू रान नवऱ्याच्या माघारी तीच कसत होती, बैल आणि गडी शेजाऱ्यांचे, पण पेरणीला मूठ तिची. ज्वारीच्या पेरणीत कुरीमागे, म्हणजे पेरायच्या औतामागे, चालायचं आणि मुठीतून बी सारखं सोडत जायचं, हे काम ज्याच्या-त्याच्या हाताला येत नाही. आत्याच्या हाताला येत होतं. तिच्या दिराने त्या वर्षी निरोप पाठवला होता की वैनीला आता उभं राहवत नाही, औंदाची पेरणी आम्हीच करून घेतो. वाचायला माणुसकी वाटते. पण त्याने एकदा पेरलं की तलाठ्याच्या पीकपाण्यात त्याचं नाव लागणार आणि पुढच्या वर्षी वैनी रानात पाहुणी होणार, हे गावात सगळ्यांना कळत होतं. आत्याला तर फारच. ती मला म्हणाली, “पोरी, मला बरं न्हाई करायचं. मला गणपती झाल्यावर चार दीस कुरीमागं चालायचंय. तेवढं जमव.”

मामांनी तिला प्रश्न विचारला तेव्हा मी शेजारी उभी होते. आत्या म्हणाली, “आमच्यात ‘वाढवा’ म्हणत्यात.” बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, तसाच दिवाही वाढवायचा. मामांनी भिंतीवर लिहिलं: हौसाबाई, वाढवा. मी तिथल्या तिथे भाषण दिलं. वीज आहे, बटण आहे, बटण बंद करणं म्हणजे बंद करणं. त्यात शुभ-अशुभ कसलं आलं? तुम्ही सैन्यात राहून आलात आणि बायकांच्या मनातला अंधार भिंतीवर लिहून ठेवता? मामांनी सगळं ऐकून घेतलं. कोळशाचे हात झटकले आणि म्हणाले, “व्हय, तुमचं खरं हाय. पर तिचा शब्द ह्यो हाय.”

आत्याला त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं, “ह्यो दिवा गुडघा नवा करत न्हाई. झिजलं ते झिजलं. दिवा दुखणं जरा बसवतो. ते बसलं की तेवढ्यात मांडीला कामाला लावायचं. मांडी घट झाली की ती गुडघ्याचं वझं उचलती.” आत्याला हे पटलं. तिला बैलाची गोष्ट कळायची तशी ही कळली, की एक बैल थकला तर दुसऱ्याला जरा जास्त ओढू द्यायचं. श्रावणात ती पाटावर बसून भाकरी थापायला लागली. श्रावण संपता संपता आमच्या बोळातून मारुतीच्या देवळापर्यंत काठी न घेता जाऊन आली आणि आल्यावर माझ्यासमोर टाचा जुळवून उभी राहिली. “सावधान,” म्हणाली. मी जितकी हसले तितकी त्या वर्षात नंतर हसले नाही.

आणि त्याच आठवड्यात मी ते पत्रक लिहिलं.

पत्रक ट्रस्टच्या विरुद्ध होतं. दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांचा संगमरवर बसवला होता आणि औषधांच्या कपाटात बोरिक पावडर सोडून काही नव्हतं. ते सगळं मी लिहिलं, आणि त्यातला एक शब्दही आज मागे घेणार नाही. पण पत्रकाला टोक लागतं. टोक मला भिंतीवर सापडलं. मी लिहिलं: ‘श्रीमंतांच्या सांध्यांना पदवीधर आणि गरिबांच्या सांध्यांना शिपाई! दिवा घालवायला शुभ शब्द शोधणारा, हातात कसलाही दाखला नसलेला माणूस आमच्या आयाबहिणींच्या गुडघ्यांवर वीज चालवतो, याची ट्रस्टींना लाज कशी वाटत नाही?’ नाव घातलं नव्हतं. नाव घालायची गरजच नव्हती. वडिलांनी खिळे जुळवताना त्या ओळीशी हात थांबवला आणि विचारलं, ही ओळ राहू देऊ का? मी म्हणाले, हीच ओळ राहिली पाहिजे.

पत्रक मी मामांना स्वतः नेऊन दिलं. लपवून करायचं नाही, हे माझं तत्त्व. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. बायका शेक घेत होत्या, त्यांतलीच एक म्हणाली, मामा, काय लिहिलंय? मामा म्हणाले, “बरोबर लिवलंय. माज्याकडं कागद न्हाई.” कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि डावा हात दिव्यासमोर धरला, कारण पाटलीणबाईंची पाळी होती.

ट्रस्टींना लाज वाटली की भीती, मला माहीत नाही. संगमरवर तसाच राहिला, औषधांचं कपाट तसंच राहिलं, आणि मामांना मात्र काढलं. गणपतीच्या आधी रंगरंगोटी निघाली. मागच्या खोलीला ‘विभाग’ असं नाव दिलं, दारावर नवी पाटी लागली, आणि आत चुना मारला. मी गेले तेव्हा चुन्याचा पहिला हात बसला होता आणि त्याखालून कोळसा अजून थोडा दिसत होता. दुसऱ्या हातात तो गेला. मला समाधान वाटलं, हे लिहून ठेवते. मला वाटलं, एक भिंत स्वच्छ झाली.

मामा निघाले त्या सकाळी आत्या आणि आणखी तीन बायका स्टेशनवर गेल्या होत्या. मीही गेले. कोरेगावला जाणारी पॅसेंजर होती. त्यांच्याकडे एक लोखंडी ट्रंक आणि ती वेळूची काठी एवढंच सामान. आत्याने त्यांना भाकरी बांधून दिली. मामा आत्याला म्हणाले, “हौसाबाई, नव्या साहेबाला मी सगळं सांगितलंय. पर तुमी बी सांगा. पेरणी झाली की मला कळवा.” माझ्याकडे बघून त्यांनी निरोपाची मान हलवली. रागावले असते तर मला वाद घालता आला असता.

नवे साहेब चांगले होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणूस सापडला असता तर माझं काम सोपं झालं असतं. मुंबईहून शिकून आलेला, दाखला असलेला, वेळेवर येणारा, बायकांना ‘आजी’ म्हणणारा. मामांनी त्याला शब्दांचं सांगितलं होतं. त्याला ती खेड्यातली गंमत वाटली, आणि मी काही वेगळं समजत नव्हते. आत्या पहिल्यांदा त्याच्याकडे जायला निघाली तेव्हा जरा घुटमळली. मी तिला सांगितलं, “घाबरू नकोस, आता शिकलेला माणूस आहे.”

अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. पेरणीला पंधरवडा राहिला होता. त्या सकाळी मी आत्याला आत सोडून बाहेरच्या बाकावर दुसऱ्या एका पत्रकाचं प्रूफ तपासत बसले. आत काय झालं ते मला नंतर दोघांकडून कळलं, आणि दोघांचं म्हणणं शब्दाला शब्द जुळत होतं.

दिवा लावला. आत्याला जरा चटका लागला. ती म्हणाली, “वाढवा, बाबा.” साहेबाने दिवा थोडा जवळ सरकवला. ती पुन्हा म्हणाली, “दिवा वाढवा.” त्याने आणखी जवळ घेतला. त्याला वाटलं, म्हातारीच्या जाड कातडीला ऊब लागत नाही. तिला वाटलं, साहेबाला कळतं, अजून थोडा वेळ द्यायचा असेल. तिसऱ्यांदा ती दबक्या आवाजात म्हणाली, कारण सारखं सारखं सांगणं बरं दिसत नाही. त्याने तिचं ऐकलं. त्याने तिन्ही वेळा तिचं ऐकलं. मग तो दुसऱ्या बाईच्या पट्ट्या सोडायला गेला.

ती ओरडली नाही. दीड वर्ष उन्हात खडी फोडलेली बाई सहन करण्यात माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा पुढे होती. मी आत गेले तेव्हा गुडघ्याच्या वाटीवरची कातडी पांढरी पडून वर आली होती. मी ओरडले, आत्या, पाय का नाही काढलास? ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तूच म्हणलीस न्हवं, शिकलेला माणूस हाय.”

पुढचं लवकर सांगते. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर निघाली. साखर असली की कातडीला पुरतं कळतही नाही आणि जखम भरतही नाही, हे मला तिथे समजलं. तिच्या कातडीला कळायच्या आधी मामांच्या हाताला कळत होतं, एवढे दिवस ती त्या एका हातावर वाचली होती. जखम चिघळली. पाय वाकवूनच ठेवावा लागला आणि दिवाळीपर्यंत तो वाकलेलाच आखडला. गावाकडे दिराने पेरणी उरकली. त्याने चांगलं पेरलं, असं कुणीतरी येऊन सांगितलं. आत्याने फक्त विचारलं, “मूठ कुणी धरली?” दिराच्या सुनेने, असं कळल्यावर तिने तोंड भिंतीकडे केलं. नव्या साहेबाने नोकरी सोडली. जाण्याआधी तो आमच्या घरी आला आणि आत्याच्या खाटेपाशी बसून रडला. तो म्हणत होता, “त्या सारख्या वाढवा म्हणत होत्या, मी वाढवत होतो.” त्याच्या घरी दिव्याला काय म्हणत असतील, हे विचारायचं तेव्हाही मला सुचलं नाही.

दिवाळीनंतर मी कोरेगावला गेले. मामांचं गाव स्टेशनपासून दोन मैलांवर. ते ओट्यावर सूप घेऊन घेवडा निवडत बसले होते. डाव्या हातावरचं जाळं फिकं झालं होतं. मला बघून त्यांनी सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि पहिलं विचारलं, “हौसाबाईनं मूठ धरली का?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बाकावर प्रूफ तपासत होते तेही. मामांचे हात सुपात थांबले.

“शब्द कंचा म्हणली ती?”

“वाढवा.”

“तोच,” ते म्हणाले. “खिडकीच्या खाली लिवला हुता.”

“भिंतीला चुना मारला, मामा.”

मामा पुन्हा घेवडा निवडायला लागले. मग मी विचारलं, जे आषाढात विचारायला हवं होतं, की हे शब्द कशासाठी लिहून ठेवत होता ते तुम्ही मला का सांगितलं नाही?

“तू इचारलं न्हाईस,” मामा म्हणाले. “तू सांगत हुतीस.”

मग त्यांनी ते सांगितलं. सैन्यात भरती होऊन वर्ष झालं नव्हतं, गावाबाहेरची भाषा अजून नीट कळत नव्हती. उत्तरेकडचा एक जवान पाठ धरली म्हणून पालथा झोपलेला, मामा त्याला दिवा देत होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, बस. पुन्हा म्हणाला, बस, बस. “मला वाटलं, मला बस म्हणतोय. चांगला गडी दिसतोय म्हणलं. मी स्टूल वढून घेतलं आणि बसलो.” मामा हे सांगताना हसले नाहीत. ऐकणाऱ्याला हसू येईल अशी गोष्ट आहे, आणि त्यांनी ती कुणालाच सांगितली नव्हती याचं कारणही बहुतेक तेच. “त्याच्या पाठीवरनं कातडं आलं, पोरी. तवापासनं मी आदी हात घालतो आणि आदी इचारतो. माणूस भाजाय लागलं की शिकलेलं बोलत न्हाई. आईनं शिकवलेलं बोलतंय.”

मी त्यांना म्हणाले, परत चला. मी ट्रस्टींकडे जाते, त्यांच्या दारात बसते, नवं पत्रक काढते, चूक माझी होती असं छापते. मामांनी मान हलवली. “कागद मागितलास त्यात चूक न्हवती. कागद पायजेच. माज्याकडं असता तर तो जवान भाजला नसता. पर मी आता दिव्याम्होरं उभा ऱ्हाणार न्हाई. हात थरथरतो.” त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत नव्हता. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं आणि मी उठले.

मी निघताना दिवेलागण झाली. सुनेने ओट्यावरचा बल्ब लावला, मामांनी सवयीने हात जोडले. ते मला वेशीपर्यंत पोचवायला आले नाहीत. सुपातल्या घेवड्याकडे बघत म्हणाले, “म्हातारीला सांग, इश्राम.”

मी तो निरोप आत्याला दिला नाही. कसा देणार होते? पुढच्या वर्षी मामांच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं, वरचा कोपरा फाडलेलं. मृत्यूचं असं कार्ड वाचून घरात ठेवत नाहीत. आत्याने ते वाचून घेतलं आणि फाडू दिलं नाही. ती आमच्याकडेच असते. बसूनच सरकते. पेरणीचे दिवस आले की ताटलीत ज्वारी मागून घेते आणि मुठीतून सोडत राहते, दाण्यामागे दाणा, सारख्या अंतराने. ताटली भरली की पुन्हा मुठीत घेते. मी जवळ गेले की थांबते.

दवाखान्याची ती खोली बंद आहे. दिवा कोपऱ्यात टोपावर पोतं टाकून उभा आहे. मी दोनदा अर्ज केला, दोनदा गेले, आणि शेवटी एकदा कुलूप उघडायला लावून त्या भिंतीवरचा चुना नखाने खरवडून बघितला. खाली काही राहिलेलं नाही. कोळसा ओल्या चुन्यात मिसळून जातो.

सातारा-सांगलीत आता बऱ्याच दवाखान्यांतून असे दिवे आले आहेत, आणखी येतील. ते चालवणारे शिकलेले असावेत, ही माझी मागणी आजही आहे. पण हे वाचणाऱ्या तुमच्याकडे मी आज काही वेगळं मागते आहे. तुमच्या गावात जिथे तांबडा दिवा असेल तिथे उद्या सकाळी जा. आत गुडघा उघडा टाकून जी म्हातारी बसली असेल तिच्यासमोर उकिडवे बसा, आणि दिवा घालवताना तिच्यात काय म्हणतात ते विचारा. तिला काही समजावून सांगू नका. तिचं नाव आणि तिचा शब्द दिव्याशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि दिवा चालवणाऱ्याकडून तो मोठ्याने वाचून घ्या. आणि उद्या भिंतीला चुना मारायला माणूस आला, तर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभे राहा.